मधला पेट स्कॅन आणि रात्रीचा ताप, तुम्ही कसं निभावता?

कृष्णाकाठ

नमस्कार. बरेच महिने इथलं नुसतं वाचतेय, लिहायला आज पहिल्यांदाच बसले, लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

माझे मिस्टर ४६ वर्षांचे. मार्गशीर्षात मानेला गाठ आली, आधी टीबीची शंका होती, मग बायोप्सीत लिम्फोमा, म्हणजे लसिका गाठींचा कॅन्सर निघाला, डीएलबीसीएल म्हणतात तो. आर-चॉप नावाची केमो चालू आहे, दर २१ दिवसांनी एक अशा ६ द्यायच्यात, ४ झाल्या. आम्ही कराडचे, ट्रीटमेंट पुण्यात. केमोचं म्हणाल तर ती आता अंगवळणी पडली. ते लाल औषध, नंतर लघवी लाल, पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या आणि त्यापायी रात्र रात्र जाग, मग तोंड येणं, हाडं दुखणं, कुठल्या दिवशी काय होणार हे माहिती झालंय. अंगवळणी पडत नाहीत त्या दोन गोष्टी.

एक म्हणजे रात्रीचं हॉस्पिटल. दुसऱ्या केमोनंतर नवव्या दिवशी रात्री अकराला ताप १००.८. हे म्हणाले सकाळी बघू, सासूबाईंनी क्रोसिन दिली, घाम येऊन ताप उतरला आणि आम्ही झोपलो. पहाटे साडेतीनला हुडहुडी भरली, दातावर दात वाजत होते, पलंग हलत होता. दोन ब्लँकेटं घालून मी वर हात दाबून बसले तरी थांबेना. शेजाऱ्यांच्या गाडीतून जवळच्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. तिथले डॉक्टर अगदी तरुण, म्हणाले व्हायरल आहे, साथ चालू आहे, सलाईन लावू, तुम्ही आधी डिपॉझिट भरून या. मी घाईत फाईलच नेली नव्हती. केमो कोणती विचारलं तर मला नाव सांगता येईना, "ते लाल असतं ते" एवढंच म्हणाले मी. सहा वाजता पुण्याच्या डॉक्टरांना फोन लागला, ते तिथल्या डॉक्टरांशी बोलले, तेव्हा कुठे अँटिबायोटिक सुरू झालं. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी ७०० आणि एएनसी २००. सहा दिवस ॲडमिट. निभावलं, देवाची कृपा. पण ते साडेतीन ते सहा माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्या क्रोसिनचं तर फारच लागून राहिलंय. तिसऱ्या केमोपासून दुसऱ्या दिवशी पोटात पेशी वाढायचं इंजेक्शन देतात, ताप परत आला नाही, पण थर्मामीटर हातात घेतला की माझेच हात थरथरतात. चौथ्या केमोनंतर एकदा उलट्या थांबेनात म्हणून रात्री जावं लागलं, ते त्यामानाने लवकर आटोपलं.

दुसरं म्हणजे स्कॅन. पुढच्या गुरुवारी मधला पेट स्कॅन आहे. पहिला केला तेव्हा काही कळतच नव्हतं, आता सगळं कळतंय म्हणून जास्त भीती वाटते. हे एकदम गप्प झालेत. मुलगा नववीत आहे, तो काही विचारत नाही पण आम्ही बोलत असलो की दाराशी उभा असतो. सासूबाईंनी गुरुवार धरलेत. आणि मी रात्री एकला मोबाईलवर "डोव्हिल स्कोअर ४ म्हणजे काय" असलं वाचत बसते.

तर विचारायचंय ते असं की स्कॅनच्या आधीचे दिवस तुम्ही कसे काढता, त्या दिवशी काय सांभाळायचं, रिपोर्ट आपणच उघडायचा की नाही, आणि परत रात्री जायची वेळ आली तर मी काय करू म्हणजे त्या दिवशीसारखं होणार नाही.

---

डेकेअरसिस्टर

ताई, मी केमो डेकेअरला १४ वर्षं सिस्टर आहे. आधी क्रोसिनचं बोलते. ताप आला की क्रोसिन हे आपल्याकडे घरोघरी चालतं, सासूबाईंनी मायेने दिली. आम्ही पहिल्या केमोच्या दिवशी हे सांगतो, पण त्या दिवशी माणसाच्या कानात काही शिरत नाही, खरं तर प्रत्येक केमोला परत सांगायला पाहिजे. ते मनातून काढून टाका आणि पुढचं मात्र नीट लक्षात ठेवा.

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या ज्या, त्यांचा आकडा म्हणजे एएनसी. तो ५०० च्या खाली गेला की शरीरात लढायला कोणी उरत नाही, आणि लढाईच नाही म्हणून पू होत नाही, सूज येत नाही, कफ नसतो, छातीचा एक्सरेसुद्धा स्वच्छ दिसू शकतो. दिसतो तो फक्त ताप. ही एकच खूण, आणि क्रोसिनने आपण तीच पुसून टाकतो. तुमच्याकडे स्टिरॉइडच्या गोळ्या आहेत, त्यांनीही ताप दबतो. म्हणून आधी मोजायचं, आकडा आणि वेळ लिहायची, डॉक्टरांना फोन करायचा, आणि ते म्हणाले तरच गोळी. १००.४ किंवा त्याच्यावर एकदा जरी आला तरी निघायचं, तासाभराने परत बघू, सकाळी बघू, असं नाही. आणि ताप ९९ असला तरी हुडहुडी भरली तर तेही तापच समजायचं. काखेत लावता का तोंडात? काखेत थोडा कमी दाखवतो, रोज एकाच जागी लावा, गरम चहा प्यायल्यावर लगेच तोंडात लावू नका. गुदद्वारातून ताप घेणं, एनिमा, तिथून द्यायची औषधं, हे पेशी कमी असताना अजिबात नको, बारीकशी इजा झाली तरी तिथून जंतू रक्तात जातात.

आता कॅज्युअल्टीत गेल्यावर. तिथे रात्री अपघात आलेला असतो, हार्टवाला आलेला असतो, तुमचा पेशंट चालत आला म्हणजे ते समजतात थांबू शकेल. तुम्ही "ताप आहे" म्हटलं की तो रांगेतला ताप होतो. पहिलं वाक्य असं म्हणा, "केमोचा पेशंट आहे, आज केमोनंतर नववा दिवस, घरी ताप १०१ मोजलाय, फेब्राइल न्यूट्रोपेनिया असू शकतो." फेब्राइल न्यूट्रोपेनिया म्हणजे पांढऱ्या पेशी कमी असताना आलेला ताप. हे दोन शब्द पाठ करा, मुलाकडून पण पाठ करून घ्या. हे शब्द ऐकले की डॉक्टर उठून येतात. सीबीसी आणि ब्लड कल्चर घेतील, पोर्ट (केमोसाठी छातीत कातडीखाली बसवतात ते) असेल तर पोर्टमधून एक आणि हातातून एक, आणि मग लगेच शिरेतून अँटिबायोटिक. रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नसतं. पोचल्यापासून एका तासाच्या आत पहिला डोस जावा असा नियम जगभर पाळतात, तुम्ही तसं नम्रपणे पण ठामपणे विचारा, "पहिला डोस किती वाजता देताय?"

ताप नसतानाही लगेच जायचं ते म्हणजे दम लागला, एकच पाय सुजला, नाकातून किंवा हिरडीतून रक्त थांबेना, माणूस असंबद्ध बोलायला लागला, पाठ दुखून पायातली ताकद गेली किंवा लघवी कळेनाशी झाली. पाठीचं लोक फार अंगावर काढतात हो, म्हणून मुद्दाम लिहिते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे उद्याच करा. पुण्याच्या डॉक्टरांना विचारा, की रात्री ताप आला तर कराडात कुठे जाऊ, तिथे कोणतं अँटिबायोटिक सुरू करायचं ते तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या. पुण्याला पोचायला तीन तास जातात, तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. पहिला डोस कराडात, मग हवं तर पुणे. असं पत्र मागितलं म्हणून कुठला डॉक्टर रागावत नाही.

---

रोजनिशी७२

डॉक्टरांचं चालू द्याच पण पेशींसाठी पपईच्या पानांचा रस आणि गुळवेल सुरू करा. आमच्या ओळखीत खूप फरक पडला. स्कॅनच्या आधी मन शांत राहायला सकाळी प्राणायाम.

---

डेकेअरसिस्टर

तुमचा हेतू चांगला आहे पण ताई, हे देऊ नका. पपईच्या पानाचं जे बोलतात ते डेंग्यूतल्या प्लेटलेटचं, इथे प्रश्न पांढऱ्या पेशींचा आहे. शिवाय पेशी खाली असताना कच्च्या पानाचा घरी काढलेला रस म्हणजे जंतू पोटात घालणं. गुळवेलीने काही जणांच्या लिव्हरला त्रास झाल्याचं आपल्याच डॉक्टरांनी नोंदवलंय, आणि केमोची बरीच औषधं लिव्हरमधूनच बाहेर पडतात. काहीही द्यायचं तर आधी डॉक्टरांना नाव सांगून विचारा. प्राणायामाला ना नाही, जमेल तेवढा करावा.

---

लीड्सहून

मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीमुळे इंग्लंडमध्ये. गेल्या वर्षी बाबांची केमो कोल्हापुरात झाली, मी इथे आणि आई-बाबा तिथे, रात्री फोन वाजला की काय वाटायचं ते तुम्हाला सांगायला नको. इथे केमो सुरू झाली की पेशंटला एक छोटं कार्ड देतात, पाकिटात मावेल एवढं, त्यावर लिहिलेलं असतं की हा माणूस केमोवर आहे, ताप असेल तर ताबडतोब अँटिबायोटिक द्या, आणि २४ तास लागणारा फोन नंबर. मी बाबांसाठी तसंच घरी करून पाठवलं. एका बाजूला नाव, वय, ब्लड ग्रुप, आजाराचं नाव, केमोचं नाव, शेवटची केमो कोणत्या तारखेला (ती पेन्सिलीने, म्हणजे दर वेळी बदलता येते), कशाची ॲलर्जी, बीपी-शुगरच्या गोळ्या, पोर्ट कोणत्या बाजूला. दुसऱ्या बाजूला डॉक्टरांचा नंबर आणि सिस्टर म्हणतात तेच वाक्य इंग्रजीत मोठ्या अक्षरात. चार प्रती काढल्या, लॅमिनेट केल्या तर पेन्सिल चालत नाही म्हणून साध्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घातल्या. एक बाबांच्या खिशात, एक फ्रिजवर, एक शेजारच्या काकांकडे आणि एक गाडीत.

आईला इंग्रजी येत नाही. पण नोव्हेंबरमधल्या एका रात्री तिने कॅज्युअल्टीत जाऊन ते कार्ड नुसतं पुढे धरलं, आणि मला फोन केला तोपर्यंत बाबांना सुई लागून अँटिबायोटिक चालू झालं होतं. ती म्हणाली, मी काही बोललेच नाही रे, कार्ड दिलं आणि उभी राहिले.

एक बॅगही भरून दाराशी ठेवा. फाईल, आधार, विम्याचं कार्ड, चार्जर, त्यांची शाल, तुमच्यासाठी एक पंचा आणि बिस्किटाचा पुडा, थोडे रोख पैसे. रात्री नेमकं यूपीआय चालत नाही.

---

वाशिष्ठी

कृष्णाकाठ ताई, वाचून गलबललं. माझ्या आईचं ब्रेस्टचं, आम्ही चिपळूणहून परळला टाटाला जायचो, अडीच वर्षं. मांडवीने दादर, तिथून टॅक्सी. रेल्वेचं कन्सेशन काढलंत का, तुम्ही गाडीने जात असाल तरी माहिती असू दे, कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण माफ आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के, हॉस्पिटलचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. राहायला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळायची, तिथे बाकीच्या बायकांकडून मी जेवढं शिकले तेवढं कुठे शिकले नाही. एकीने मला सांगितलं होतं, स्कॅनच्या आदल्या दिवशी आईला जिने चढू देऊ नकोस.

त्याचं कारण नंतर कळलं. पेटमध्ये जे इंजेक्शन देतात ती किरणोत्सर्गी साखर असते, जिथे पेशी जास्त काम करतायत तिथे ती जास्त शोषली जाते आणि तिथे चमकतं. गाठ चमकते, पण आदल्या दिवशी भरपूर चाललेल्या पायाचा स्नायूही चमकतो. त्यामुळे आदल्या दिवशी दगदग नाही, आणि ४ ते ६ तास पोट रिकामं, साधं पाणी चालतं, च्युइंग गम आणि गोळीसुद्धा नको. शुगर २०० च्या आत लागते, जास्त निघाली तर परत पाठवतात, तुमच्याकडे स्टिरॉइड आहे म्हणून शुगर आधी एकदा बघून ठेवा. डायबेटिसच्या गोळ्या असतील तर त्या दिवशी घ्यायच्या का ते आधीच फोनवर विचारायचं. थंडी वाजली तरी मानेजवळची चरबी चमकते, म्हणून स्वेटर, मोजे, टोपी सगळं न्या, तिथे एसी मरणाचा असतो. इंजेक्शनच्या आधी सांगा कुठे इन्फेक्शन झालं होतं का, लस घेतली का, कारण तेही चमकतं.

आणि वेळेवर पोचा. ते औषध ११० मिनिटांत अर्धं होतं, तुमच्या नावाचा डोस तुमच्या वेळेच्या हिशोबाने आणलेला असतो. कराडहून जाणार तर आदल्या रात्री पुण्यात मुक्काम करा, हायवेला अडकलात तर सगळंच मुसळ केरात. इंजेक्शननंतर तासभर एका खोलीत गप्प पडून राहायचं, मोबाईल नाही, बोलणं नाही, तुम्हाला आत सोडत नाहीत. तो तास त्यांचा एकट्याचा असतो हे त्यांना आधी सांगून ठेवा. नंतर भरपूर पाणी, आणि त्या दिवशी लहान बाळं आणि गरोदर बायकांपासून काही तास लांब. घरात कोणी तसं असेल तर आधी बोलून ठेवा म्हणजे आयत्या वेळी वाईट वाटत नाही.

आईची एक आठवण सांगते. पहिल्या एमआरआयला सिस्टर म्हणाल्या मंगळसूत्र काढा. ३८ वर्षांत आईने ते काढलं नव्हतं. ती काही बोलली नाही पण हात गळ्याशी नेऊन तशीच उभी राहिली, मागे रांग. तिथल्या मावशी होत्या, त्यांनी आपल्या कनवटीची पुडी सोडून हळदीत भिजवलेला दोरा काढला आणि आईच्या गळ्यात बांधला, म्हणाल्या हा मशीनला चालतो. त्या असले दोरे बरोबर ठेवायच्या. मंगळसूत्र माझ्या मुठीत होतं, पाऊण तासाने मूठ उघडली तर हातावर वाट्यांचे वळ उठले होते. त्यानंतर प्रत्येक स्कॅनला आम्ही घरूनच दोरा बांधून निघायचो. ताई, यांच्या हातात गंडा, कडं, करगोटा काही असेल तर घरीच सोडवा, तिथे कात्रीने कापायची वेळ आणू नका.

अजून एक, डिपॉझिटचं. ट्रस्टचं धर्मादाय हॉस्पिटल असेल तर इमर्जन्सीत डिपॉझिटसाठी अडवता येत नाही, आधी दाखल करून जीव वाचवायचे उपचार द्यावेच लागतात, हायकोर्टाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेत ते आहे. तिथेच १० टक्के खाटा गरिबांना मोफत आणि १० टक्के सवलतीत असतात. प्रत्येक धर्मादाय हॉस्पिटलात त्यासाठी समाजसेवक असतात, दिवसा एकदा जाऊन भेटून या. महात्मा फुले योजनेचं कार्ड काढलं नसेल तर तेही करा, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. आणि गाडी मिळाली नाही तर १०८, फुकट आहे.

---

अडीचकी

बाकी सगळ्यांनी सोबतच्या माणसाचं सांगितलं, मी पेशंट म्हणून लिहिते. मी वर्धेकडची, झेडपीच्या शाळेत शिक्षिका. २०२१ ला अंडाशयाचा कॅन्सर, ऑपरेशन आणि ६ केमो. तेव्हापासून सीए-१२५ ही रक्ततपासणी आणि मधून मधून सीटी चालूच आहे. म्हणजे दर काही महिन्यांनी परीक्षा, आणि अभ्यास करायला काहीच नाही अशी परीक्षा.

तुमचे मिस्टर गप्प आहेत तर राहू द्या नं. बोलतं करायला जाऊ नका. आमचे हे प्रत्येक स्कॅनला म्हणायचे, "सगळं नॉर्मल येईल बघ." मला त्या वाक्याचा इतका त्रास व्हायचा की सांगू शकत नाही, कारण त्यानंतर मला माझी भीती बोलायला जागाच उरायची नाही. एकदा सीटीच्या बाहेर बसलो असता मी म्हटलं, आणि नाही आलं तर? ते काहीच बोलले नाहीत. पिशवीतून संत्री काढली आणि सोलायला बसले. मला तर खायचं नव्हतं, उपाशीपोटी स्कॅन. तरी एकेक फोड घेऊन तिच्यावरच्या पांढऱ्या शिरा अंगठ्याने काढायचे आणि डब्यात ठेवायचे. तीन संत्री सोलून झाली, डबा भरला, मग माझा नंबर आला. बाहेर आल्यावर मी तो डबा सगळा खाल्ला. पाच वर्षांतला तो स्कॅन मला सगळ्यात सोपा गेला.

आतलं सांगायचं तर सीटीत कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटो स्पष्ट यायचं औषध शिरेतून सोडलं की घशापासून खाली गरम लाट जाते, तोंडात धातूची चव येते आणि लघवी झाली असं वाटतं. होत नाही, नुसतं वाटतं. हे कोणी आधी सांगत नाही म्हणून माणूस घाबरतो, पेटमध्येही कधी कधी कॉन्ट्रास्ट देतात, तेव्हा मिस्टरांना सांगून ठेवा. त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी बघतात. एमआरआयचा आवाज फार असतो, मी तिथे डोळे आत जायच्या आधीच मिटते, आत गेल्यावर नाही, आणि अडीचकी म्हणते. अडीच, पाच, साडेसात, दहा. शंभरपर्यंत गेलं की उलटी. पाढ्याला डोकं लागतं, म्हणून भीतीला कमी उरतं. नामस्मरण माझ्याने होत नाही तिथे, मन लगेच देवाशी सौदे करायला लागतं.

रिपोर्टचं माझं मत स्पष्ट आहे. संध्याकाळी सातनंतर आलेला रिपोर्ट उघडायचा नाही. एकदा रात्री नऊला उघडला, त्यात "०.८ सेंमी नोड्यूल, कोरिलेट क्लिनिकली" असं काहीतरी होतं. रात्रभर मी माझ्या मुलीच्या लग्नापर्यंतचा विचार करून आले, मी नसलेल्या लग्नाचा. सकाळी डॉक्टर म्हणाले ते पहिल्यापासून तेवढंच आहे, जुन्या फिल्ममध्ये पण आहे. रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर त्याला दिसलं ते सगळं लिहितो, त्याचं ते कामच आहे. त्यातलं कोणतं आपल्या कामाचं हे ठरवणारा दुसरा असतो, आणि रात्री नऊला तो नसतो. म्हणून जुने स्कॅन, जुन्या सीड्या कायम बरोबर न्यायच्या, तुलना केल्याशिवाय त्या कागदाला अर्थ नाही.

मुलाचं. नववीतला मुलगा सगळं जाणतो हो. दाराशी उभा राहतो म्हणजे त्याला आत यायचंय. त्याला खरं सांगा, आणि एक काम द्या, खरं काम, पाणी आण वगैरे नाही. तापाची वही त्याच्याकडे द्या. शाळेत मी बघते, ज्या पोरांना घरच्या आजारपणात काही करायला मिळतं ती टिकून राहतात, ज्यांना "तू अभ्यास कर" म्हणून बाहेर ठेवतात ती वर्गात बसून खिडकीबाहेर बघतात.

---

डेकेअरसिस्टर

अडीचकी ताईंना अनुमोदन. डोव्हिलचं विचारलंत म्हणून थोडक्यात. १ ते ५ असतं, मानेतली-पोटातली गाठ लिव्हरच्या मानाने किती चमकते त्यावर ठरतं. १, २, ३ साधारण चांगलं धरतात, ४-५ आलं तर डॉक्टर पुढचा विचार करतात, कधी परत बायोप्सी करून बघतात, कारण नुसत्या सुजेनेही चमकू शकतं. आणि हे आधीच वाचून ठेवा, तुमच्या मिस्टरांना पेशींचं इंजेक्शन चालू आहे, त्याने हाडातला मगज कामाला लागतो आणि पेटमध्ये पाठीचा कणा, कंबर सगळं चमकतं. रिपोर्टमध्ये "मॅरो अपटेक" असं दिसलं तर घाबरू नका, इंजेक्शन कधी दिलं ती तारीख स्कॅनवाल्यांना आधीच सांगा. त्याचसाठी मधला स्कॅन पुढच्या केमोच्या अगदी तोंडावर ठेवतात.

---

कृष्णाकाठ

उशिरा लिहितेय, माफ करा. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मी ते पानन् पान वहीत उतरवून घेतलंय.

स्कॅन झाला. बुधवारी रात्रीच पुण्यात नणंदेकडे गेलो. यांच्या करगोट्याला चांदीची पेटी होती ती सासूबाईंनी स्वतः सोडवली, आणि वाशिष्ठी ताई, त्यांनी तुमच्यासारखाच हळदीचा दोरा बांधून दिला, मी काही सांगितलं नव्हतं. मी यांना धीर वगैरे काही दिला नाही. गाडीत फक्त म्हटलं की आत तासभर एकट्याला पडून राहावं लागेल. तर तेच म्हणाले, "मला भीती वाटतेय गं." डिसेंबरपासून पहिल्यांदा. मी हो म्हटलं, मला पण. मग खंबाटकीपर्यंत कोणीच बोललं नाही.

रिपोर्ट शुक्रवारी रात्री साडेआठला मोबाईलवर आला. उघडला नाही. मोबाईल सासूबाईंच्या खोलीत चार्जिंगला लावून आले. शनिवारी डॉक्टरांच्या समोर उघडला. डोव्हिल ३. मॅरो अपटेक होताच, सिस्टर म्हणाल्या तस्साच, डॉक्टर बोलायच्या आधी मीच म्हटलं की ते इंजेक्शनचं ना, ते हसले. ट्रीटमेंट आहे तशीच चालू. काखेतली एक गाठ अजून बारीक दिसतेय, तिच्याकडे सहाव्या केमोनंतरच्या स्कॅनला बघणार. म्हणजे परत तेच दिवस यायचेत, पण ते तेव्हा.

पत्र मागितलं. डॉक्टरांनी लगेच लेटरहेडवर लिहून दिलं, अँटिबायोटिकचं नाव आणि डोससकट, आणि कराडातल्या एका डॉक्टरांना माझ्यासमोर फोन लावून सांगितलं. मी त्या हॉस्पिटलात दुपारी जाऊन कॅज्युअल्टीचं दार कुठून आहे ते बघून आले. रात्री मागचंच उघडं असतं, हे त्या दिवशी कळलं. कार्डं केली, पेन्सिलीने तारीख. वही मुलाकडे दिलीय. त्याने रेघा मारून तारीख, केमोनंतरचा दिवस, वेळ, ताप असे रकाने केलेत, शेवटचा रकाना "थंडी वाजली का" असा त्याने मनाने घातला.

पाचवी केमो झाली. आज आठवा दिवस आहे. आत्ता साडेदहाला ९९.१ आहे, संध्याकाळी ९८.६ होता. हुडहुडी नाही, खाणं बऱ्यापैकी झालं. मुलगा म्हणतो बाराला परत लावू. बॅग दाराशी आहे, शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय. सिस्टर, काही करायला हवं का आत्ता?

---

डेकेअरसिस्टर

गोळी काही देऊ नका. डॉक्टरांना मेसेज टाकून ठेवा, आठवा दिवस, ९९.१, थंडी नाही, एवढंच. जास्त पांघरूण नको, पाणी द्या. बाराला लावा आणि इथे लिहा, माझी आज नाइट आहे.

---

कृष्णाकाठ

बारा वाजून पाच मिनिटं. ९८.८. डॉक्टरांचं उत्तर आलं, १०० च्या वर गेला तर फोन करा म्हणालेत. हे झोपलेत. दोनला उठवून परत लावू का?

---

डेकेअरसिस्टर

नको, झोपू दे त्यांना. मध्येच जाग आली तर कपाळाला नाही, छातीला हात लावून बघा, गरम लागलं किंवा कुडकुडायला लागले तरच लावा. नाहीतर सकाळी सहाला. मुलालाही झोपायला पाठवा, उद्या शाळा असेल त्याची.